शास्त्रज्ञ बाईंच्या सत्काराचे मानपत्र: संशोधन आणि गावासाठी केलेले काम कसे मांडावे?

वाचनालय चिटणीस (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यातील आमच्या गावात एक लहानसे मराठी वाचनालय आहे. येत्या गणपतीत, पुण्याकडची आणि गोव्यातली मंडळी घरी आलेली असताना, गावच्या एका माहेरवाशिणीचा सत्कार करावा असे आमच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. बाई परगावच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत आणि माकडताप ज्या गोचिडींमुळे माणसाला होतो, त्या गोचिडींवर त्यांचे बऱ्याच वर्षांचे काम आहे. सत्काराला त्यांनी होकार दिला तो दोन अटींवर: पैशाचे पाकीट देऊ नये आणि मानपत्राचा मसुदा आधी दाखवावा. पहिली अट सोपी आहे. दुसरीने आमची झोप उडवली आहे.

त्यांचे काम मी एकदाच जवळून पाहिले. मार्च महिन्यातील सकाळ होती. काजूच्या बागेच्या कडेने, पाचोळा साचलेल्या पायवाटेवरून, त्या आणि त्यांचा एक मदतनीस काठीला बांधलेले पांढऱ्या फ्लॅनेलचे फडके जमिनीला घासत हळूहळू ओढत नेत होते. दर दहा-बारा पावलांनी थांबायचे, फडके उलटायचे, चिमट्याने काहीतरी उचलून काचेच्या कुपीत टाकायचे आणि कुपीवरच्या चिठ्ठीत शिसपेन्सिलीने ठिकाण व वेळ लिहायची, असे दोन तास चालले होते. मला आधी काहीच दिसेना. बाईंनी चष्मा पुसून या म्हणून सांगितले, तेव्हा खसखशीएवढा एक ठिपका कापडावर चालताना दिसला. ती गोचीड. त्या पायवाटेने आम्ही लहानपणापासून अनवाणी जात आलो आहोत.

त्यांचे दुसरे काम मात्र सगळ्या गावाने पाहिले आहे. आमच्याकडे वानर मेले की त्याला मारुतीचे रूप मानून हार घालतात, तिरडी बांधतात आणि चौघे जण खांद्यावर नेऊन ओढ्याकाठी पुरतात. माकडतापाच्या दिवसांत याहून धोक्याचे काम नाही, कारण वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. बाई सलग तीन उन्हाळे गुरवाच्या ओसरीवर, पंचांच्या घरी आणि तरुण मंडळाच्या खोलीत बसत राहिल्या. पहिल्या वर्षी त्यांना बोलणीही खावी लागली. अखेर असे ठरले की मेलेल्या वानराला कोणी हात लावायचा नाही, आधी वनरक्षकाला आणि आरोग्य केंद्राला कळवायचे, आणि हार, नारळ, भजन जे काही करायचे ते मारुतीच्या देवळात करायचे. याखेरीज गोव्यात काजूच्या कामाला जाणाऱ्या बायकांना निघण्यापूर्वी गोचिडींना दूर ठेवणारे डीपा तेल कसे लावायचे ते त्या दाखवतात आणि कोणाला ताप आला तर रक्त तपासणीसाठी स्वतःच्या गाडीतून नेतात.

आता आमच्या मसुद्याची सुरुवात वाचा: ‘जागतिक कीर्तीच्या कीटकशास्त्रज्ञ, माकडतापाच्या विषाणूचा शोध लावून त्या महाभयंकर रोगाचा समूळ नायनाट करणाऱ्या, आणि अंधश्रद्धेच्या काळोखात चाचपडणाऱ्या समाजाला विज्ञानाचा प्रकाश दाखवणाऱ्या आपल्या गावच्या सुकन्या…’ हे बाईंना दाखवायला मला धीर होत नाही. कार्यकारिणीत दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे की संशोधन हे कागदावरचे असते, लोकांना त्याचे काय, सत्कार सेवेचा करा. दुसऱ्याला त्यांच्या पदव्यांची आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधांची यादी हवी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात

चिटणीस महोदय, तुम्हाला धीर झाला नाही हे बरेच झाले. मी एका प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आधी चुकांबद्दल लिहितो.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली सापडला. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, वानरे आणि माकडे मरू लागली व जवळच्या गावांत तापाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले होते आणि आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो. या रोगाची माणसातील लक्षणे आणि रक्तातील बदल यांवर खुर्शीद पावरी यांनी लिहिले आहे. त्या याच संस्थेच्या संचालक होत्या. म्हणजे ‘विषाणूचा शोध लावला’ हे शब्द बाईंच्या नावापुढे लावलेत, तर त्या जन्मण्यापूर्वी जंगलात घाम गाळलेल्यांचे श्रेय तुम्ही त्यांच्या पदरात टाकता, आणि ते त्यांना सर्वांत आधी खटकेल.

नायनाटाचे म्हणाल तर रोग संपलेला नाही, उलट त्याचा टापू वाढला आहे. २०१५ साली तो गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. या दोन्ही ठिकाणांपासून तुमचे गाव फार दूर नाही. त्यावर नेमके औषध अजून नाही. रुग्णाला पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते आणि शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. मानपत्रात ‘समूळ नायनाट’ ऐकून एखाद्याने पुढच्या मार्चमध्ये तेल न लावता पाचोळा गोळा करायला जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हा शब्द काढाच.

तिसरी चूक लहान आहे, पण बाई हसतील. गोचीड हा कीटक नाही. ती कोळ्याच्या आणि विंचवाच्या गोतावळ्यातली आहे. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय असतात आणि पुढच्या अवस्थेपासून आठ. तुम्ही फडक्यावर पाहिलेला खसखशीएवढा ठिपका बहुधा मधल्या अवस्थेतला असावा, ज्याला निम्फ म्हणतात, आणि माणसाला माकडताप देण्यात त्याच अवस्थेचा हात सर्वांत मोठा आहे. ती अवस्था कोरड्या दिवसांत वाढते, म्हणून साथ डिसेंबर ते मे या काळात येते. (गोचिडींचा अभ्यास करणारे स्वतःला कीटकशास्त्रज्ञ म्हणवून घेतात हे खरे. आमच्या शास्त्रातला तो जुना विनोद आहे, त्यामुळे पदनाम तसेच राहू दे.)

मग लिहायचे काय? बाईंना फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या कामाआधी काय माहीत नव्हते आणि आता काय माहीत आहे?’ ते उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. ते बहुधा मसुद्यातल्या वर्णनापेक्षा खूप लहान निघेल: अमुक पट्ट्यात अमुक जातीच्या गोचिडी कोणत्या महिन्यांत, कोणत्या वाटांवर, किती मिळतात, याच्या इतक्या वर्षांच्या सलग नोंदी. ऐकायला हे साधे वाटते. पण आरोग्य खात्याला तेल कोणत्या गावात आधी वाटायचे हे अशाच नोंदींवरून ठरवावे लागते, आणि त्या नोंदी दर महिन्याला त्याच वाटेवर फडके ओढल्याखेरीज जमत नाहीत. निबंधांची यादी नको. आणि त्या एकट्या नव्हत्या, हे लिहायला विसरू नका. कुपीवर शिसपेन्सिलीने लिहिणारा मदतनीस तुम्हीच पाहिला आहे.

निवृत्त गुरुजी, बेळगाव

वरील मित्रांनी शास्त्राची बाजू सांगितली. मी गेली तीसेक वर्षे शाळेत, सहकारी संस्थांत आणि आपल्या सीमाभागातील साहित्य संमेलनांत मानपत्रे लिहीत आलो आहे, त्यामुळे लेखनाची बाजू सांगतो.

संशोधन ‘कागदावरचे’ असते असे म्हणणाऱ्या तुमच्या सभासदांना आपल्याच जिल्ह्यातील एक हकिगत सांगा. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बायका दगावत असत, आणि त्यावरचे नेहमीचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते व टोचायला प्रशिक्षित हात लागतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागात असे तपासले की मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या बाळंतपणानंतर लगेच दिल्या तर काय होते. १,६२० बायकांचा त्यात समावेश होता. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के राहिले, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात ते १२ टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली हा निबंध छापून आला, आणि पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. बेळगाव जिल्ह्यातील घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या बायका त्या निर्णयाच्या मुळाशी आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता पाहा, या डॉक्टरांचे मानपत्र लिहायचे असते तर ‘औषधाचा शोध लावला’ असे म्हणता आले नसते. गोळी आधीच होती, पोटातील व्रणासाठी वापरली जात होती. त्यांनी दाखवून दिले ते एवढेच की गावातील परिचारिका ही गोळी देऊ शकते आणि त्याने रक्तस्राव निम्म्यावर येतो. ते ‘एवढेच’ केवढे आहे! शिवाय गोळ्या प्रत्यक्ष दिल्या त्या उपकेंद्रांतील परिचारिकांनी. त्यांच्यावाचून आकडा निघालाच नसता.

दुसरे उदाहरण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे डोळ्यांदेखत जात होती. रात्र रात्र खाटेपाशी बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून, त्यांच्या लक्षात आले की विषाने हृदयावर ताण येतो, आणि त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन वापरून पाहिले. दंशाच्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एक-दोन टक्क्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे सेवा कुठे संपली आणि संशोधन कुठे सुरू झाले हे सांगता येते का? मात्र म्हणून मानपत्रात दोहोंची खिचडी करावी असे नाही.

माझी पद्धत अशी. आधी एक परिच्छेद संशोधनाचा लिहावा, पुण्याच्या मित्रांनी सांगितलेल्या प्रश्नाच्या उत्तराइतकाच. मग सेवेचा परिच्छेद, आणि त्यात विशेषणे न घालता क्रियापदे घालावीत. ‘समाजसेवेचा वसा घेतलेल्या’ असे लिहिले की बाई दिसत नाहीत. ‘तीन उन्हाळे गुरवाच्या ओसरीवर बसल्या’ असे लिहिले की दिसतात. सर्व मिळून अडीचशे शब्दांपुढे जाऊ नये, कारण मानपत्र वाचले जात असताना सत्कारमूर्तीला खांद्यावरची शाल सावरत उभे राहावे लागते, आणि सभागृहात पंखा चालू असेलच असे नाही.

भाषेविषयी तुम्ही विचारले नाहीत, पण सांगतो. मानपत्र मराठीतच असावे. आरोग्य केंद्रातील आणि वनखात्यातील कर्मचारी कन्नड भाषक असतील, तर त्याच मजकुराचे एक पान चांगल्या कन्नडमध्ये करून त्यांच्या हाती द्यावे. माकडतापाला ते ‘मंगन कायिले’ म्हणतात. मेलेल्या वानराची खबर ज्या फोनवर जायची तो फोन त्यांच्याच खिशात आहे.

आरोग्यसेविका, कणकुंबी भाग

मी याच भागात काम करते. संबंधित बाई कोण हे मला समजले आहे, तरी नाव घेत नाही.

मसुद्यातील सर्वांत वाईट शब्द ‘नायनाट’ नसून ‘अंधश्रद्धा’ हा आहे. ज्या समारंभात तुम्ही हे वाचणार, त्याच समारंभात पुढच्या रांगेत गुरव बसलेले असतील, पंच असतील, आणि खांद्यावर वानर नेलेली माणसेही असतील. बाईंनी त्यांना कधी अंधश्रद्धाळू म्हटले नाही, म्हणून तर त्यांचे ऐकले गेले. मी एकदा त्यांच्यासोबत होते. एक आजोबा रागाने म्हणाले, ‘मारुतीला काय कुत्र्यासारखे टाकून द्यायचे?’ बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले की घरातले माणूस गेले तर आपण अंत्यदर्शन कुठून घेतो, किती अंतरावरून घेतो, कोणाला पुढे जाऊ देत नाही. आजोबांनीच सगळे सांगितले. मग बाई म्हणाल्या, ‘तेवढेच अंतर येथे जरा वाढवू या.’ मेलेल्या वानराभोवती ठरावीक अंतरापर्यंत फवारणी होते आणि तोवर कोणी आत जायचे नसते, हे त्यांनी त्यानंतर सांगितले. देव तोच राहिला, नारळही तोच राहिला. जागा तेवढी बदलली. हा निर्णय गावाने घेतला, आणि मानपत्रात तो गावाचाच म्हणून लिहिला पाहिजे. पुढच्या वर्षी बाई आल्या नाहीत तरी तो टिकायला हवा.

आणखी एक विनंती. पहिल्यांदा मेलेल्या वानराची खबर देणारा गुराखी पोरगा आहे. लोक त्याला हसले होते, काहींनी ‘आता आमची काजूची बाग बंद करतील’ म्हणून दमही दिला होता. बाईंचा सत्कार होताना त्याला व्यासपीठावर बसवता येत नसेल, तर निदान त्याचे नाव वाचा.

सत्कार पाहिलेला एक

फार लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावी मी अशाच एका सत्काराला गेलो होतो. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला, स्वागतपर भाषणे पाच झाली, सत्कारमूर्तीच्या विषयाचे नाव सूत्रसंचालकाने तीन वेळा तीन प्रकारे उच्चारले, आणि जेव्हा त्या शास्त्रज्ञ गृहस्थांच्या हाती माइक आला तेव्हा संयोजकांनी कानात सांगितले की जेवणे थंड होत आहेत. ते चार मिनिटे बोलले. पोरे मागे कुजबुजत होती की हे नक्की करतात तरी काय. बाईंना अर्धा तास द्या, आणि त्या वेळी फडके, चिमटा व कुपी त्यांच्या हाती असू द्या. कुपीत जिवंत गोचीड मात्र नको.

वाचनालय चिटणीस (खानापूर तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवा बाईंना फोन करून तो प्रश्न विचारला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की असे कोणी कधी विचारले नव्हते. उत्तर त्यांनी दोन वाक्यांत दिले, तेच जवळजवळ शब्दशः घेतले आहे. आरोग्यसेविका ताईंचे पत्र मी कार्यकारिणीत मोठ्याने वाचून दाखवले. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द ज्यांनी घातला होता, त्यांनीच तो खोडला. गुराख्याच्या आईची परवानगी घेतली असून त्याचे नाव वाचले जाईल. कन्नड पान आरोग्य केंद्रातील एक कर्मचारी करून देणार आहेत. नवा मजकूर असा:

‘आपण आमच्या परिसरातील जंगलवाटांवर वर्षानुवर्षे, डिसेंबर ते मे, दर महिन्याला फिरून गोचिडींच्या नोंदी ठेवल्या. आमच्या भागात त्या केव्हा आणि कोठे अधिक असतात हे पूर्वी अंदाजाने सांगितले जाई. आज ते आपल्या आणि आपल्या सहकाऱ्यांच्या वह्या उघडून सांगता येते.

मेलेल्या वानराला हात न लावता त्याची खबर द्यावी आणि त्याचा मान मारुतीच्या देवळात राखावा, असा निर्णय या गावाने घेतला. तो घेण्याआधी आपण तीन उन्हाळे आमच्या ओसऱ्यांवर बसलात, आमचे ऐकून घेतलेत, आमचे बोललेलेही सोसलेत. काजूच्या कामाला निघालेल्या बायाबापड्यांच्या हातापायांना तेल लावून दाखवलेत, आणि तापाने फणफणलेल्यांना आपल्या गाडीतून तपासणीला नेलेत. हे आढळून आणणाऱ्या आपल्या लेकीचा गाव आज सन्मान करीत आहे.’

शेवटचे वाक्य जमलेले नाही असे वाटते. सुचवावे. मानपत्र गुरवांनी वाचावे असे ठरत आहे. त्यांनी होकार दिला आहे, पण ‘फ्लॅनेल’ हा शब्द मजकुरात नाही ना, असे दोनदा विचारून घेतले.

निवृत्त गुरुजी, बेळगाव

‘आढळून आणणाऱ्या’ असा प्रयोग मराठीत नाही, आणि तेथे त्याची गरजही नाही. ‘आपल्या लेकीचा’ येथेही गोंधळ आहे. सबंध मजकुरात ‘आपण’ म्हणजे बाई, आणि शेवटी अचानक ‘आपल्या’ म्हणजे गावाच्या. ‘आमच्या या लेकीचा गाव आज सन्मान करीत आहे’ एवढेच ठेवा. ‘बायाबापड्या’ मात्र काढा. त्या काजूच्या हंगामात कमावून आणतात त्यावर अर्धे गाव चालते. ‘कामाला निघालेल्या बायकांच्या’ असे साधे लिहा. गुरवांना मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून आठ दिवस आधी द्या.